‘न’चा ‘ल’

मोहिद्दीन पेंटर पाट्या काढतो, वाचत नाही. हे त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, गडी थट्टा करतोय. आमच्या गावात असं एक दुकान नाही, एक दूध डेअरी नाही, एक तालीम नाही की जिच्या दारावर त्याचं अक्षर नाही. उंब्रजच्या हायवेवरच्या धाब्यांपासून इकडं कुंडलच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांपर्यंत चाळीस वर्षं त्याचा ब्रश फिरला. आणि हा माणूस म्हणतो, वाचत नाही!

"चौथी शिकलोय मास्तर, वाचाय येतं मला," तो म्हणाला. "पर ब्रश हातात आसताना वाचायचं न्हाई. वाचाय लागलो की मन त्या शब्दामागं पळतं आन् हात थरथरतो. क म्हंजी क चं चित्र. म म्हंजी म चं चित्र. चिठ्ठीत जसं आसंल तसं पाटीवर उतरवायचं. अर्थ ज्येचा त्येनं बघायचा."

याचा पुरावा बाजारपेठेत आजही लटकलेला आहे. केरबानं सलून काढलं तेव्हा त्याच्या चिठ्ठीवर ‘केशकर्तनालय’मधल्या ‘के’च्या पायाशी बारीक ‘ल’सारखा शाईचा एक डाग पडला होता. मोहिद्दीननं तो डागसुद्धा इमानेइतबारे उतरवला आणि पाटी झाली ‘क्लेशकर्तनालय’. आठ दिवसांनी ते माझ्या लक्षात आलं. मी केरबाला सांगितलं, तर तो म्हणाला, आवं राहू द्या, लोक मुद्दाम बघायला येत्यात आन् दाढी करून जात्यात.

मी इथल्या हायस्कुलात खेळाचा शिक्षक. नाव जयराज, पण सगळे मास्तरच म्हणतात. तीस वर्षं फक्कीनं मैदान आखतोय आणि अजून माझी एक रेघ सरळ आलेली नाही. म्हणून असेल, पण मोहिद्दीन शिडीवर चढला की मी हातातलं काम टाकून बघत उभा राहतो. पट्टी नाही, छापा नाही. डाव्या हातात टेकायची काठी, उजव्या हातात ब्रश, आणि एका दमात वरून खाली काना उतरतो. तो पाण्यासारखा खाली येतो आणि जिथं थांबायचं तिथंच थांबतो. माणसाच्या हातून असं काही होतं यावर अजूनही माझा पटकन विश्वास बसत नाही.

फ्लेक्स आले आणि भोवतालच्या सगळ्या पेंटरांनी ब्रश ठेवून दिले. मोहिद्दीन टिकला. कारण फ्लेक्सवर कुणीही काहीही छापतं, वाढदिवसाचा पोरगा एका रात्रीत कार्यसम्राट होतो. पण रेशनचे दर, डेअरीचे दर, पाणी सुटायच्या वेळा या मोहिद्दीनच्याच अक्षरात लागतात, आणि त्या अक्षरात लिहिलंय म्हणजे खरं, असा आमच्याकडं समज आहे. पाटीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक सही असते, ‘मोहिद्दीन पेंटर’. निरक्षर बायासुद्धा ती सही चित्रासारखी ओळखतात.

या माणसाची आयुष्यभर एकच इच्छा होती. त्याला पुरुषभर उंचीची अक्षरं काढायची होती. दुकानाच्या पाटीवर अक्षर किती मोठं होणार? वीतभर, फार तर हातभर. त्याला हायवेवरून, धावत्या ट्रकमधून वाचता येईल असं अक्षर काढायचं होतं. चौसष्टाव्या वर्षी ती भिंत त्याच्यासमोर आली. सरकारी पैशातून आमच्या गावाला क्रीडा संकुल झालं, आणि त्याच्या गॅलरीची मागची भिंत बरोबर हायवेकडं तोंड करून उभी राहिली. नव्वद फूट लांब, पांढरीशुभ्र. संकुलाच्या कॅन्टीनचा आणि रंगकामाचा ठेका भाऊसोकडं होता. त्यानं मोहिद्दीनला शब्द दिला, भिंत तुझी.

तेव्हापासून मोहिद्दीन रोज सायकलवरून ती भिंत बघायला जायचा. परवीनभाभी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "निकाह ठरल्यावर माझ्या घरावरनं बी इतक्या चकरा मारल्या नव्हत्या ह्येनी." शेवटी एका सोमवारी त्यानं नीळ लावलेला दोरा ताणून भिंतीवर दोन रेघा उठवल्या. वरची एक, खालची एक, मध्ये सहा फूट. कबड्डीची स्पर्धा शनिवारी संपली की रविवारपासून ब्रश लावायचा, असं ठरलं.

आता जरा त्या कॅन्टीनबद्दल सांगतो, कारण तिथं माझं डोकं फिरलं होतं.

संकुल बांधलं तुमच्या-माझ्या पैशातून. पण गेटमधून आत गेलं की वीस रुपयांची पाण्याची बाटली चाळीसला, दहाचा चहा वीसला, पंधराचा वडापाव तीसला. बाहेरचं पाणी आत न्यायला बंदी. गेटवरचे दोघे पोरींच्या दप्तरातल्या बाटल्या काढून घ्यायचे आणि कोपऱ्यात ढीग लावायचे. ऑक्टोबरच्या उन्हात दोन तास खेळलेली पोरगी पाण्यासाठी कॅन्टीनसमोर उभी राहायची आणि किंमत ऐकून परत फिरायची. मी भाऊसोला विचारलं, तर त्यानं भिंतीवरच्या दरांच्या पाटीकडं बोट केलं.

"पाटी वाचा की मास्तर. ‘किमान दर’ लिवलंय. किमान म्हंजी कमीत कमी. त्येच्या खाली आमी देत न्हाई. वर किती घ्यायचं ते आमचं आमी बघू."

पाटी खरोखरच तशी होती. पिवळ्या रंगावर काळ्या ठसठशीत अक्षरांत ‘किमान दर’, खाली पदार्थ, पुढं आकडे, पाण्याच्या बाटलीपुढं वीसच. कोपऱ्यात मोहिद्दीनची सही. बाटलीवरची छापील किंमत कोण वाचतो, ती मुंगीच्या पायाएवढी असते. लोक ही पाटी बघायचे, सही बघायचे आणि काहीतरी नियम असेल असं समजून चाळीस रुपये द्यायचे.

मी अर्ज केले. प्रत्येक अर्जाला उत्तर आलं की आपला अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात येत आहे. पहिलीतलं पोरसुद्धा वर्षाला एकदाच वर्ग ओलांडतं, माझा अर्ज चार महिन्यांत तीन वर्ग पुढं गेला. मग मी माहितीच्या अधिकारात ठेक्याच्या कराराची प्रत मागवली. ती स्पर्धेच्या आठवड्यात, बुधवारी हातात पडली. सातव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं, ‘खाद्यपदार्थ व पाण्याचे कमाल दर दर्शनी भागात लावणे ठेकेदारावर बंधनकारक राहील.’

कमाल! जास्तीत जास्त! त्याचं पाटीवर किमान झालं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊसोचा राग होताच, पण खरं सांगायचं तर जास्त राग मोहिद्दीनचा आला. मला वाटलं, भिंतीच्या लोभानं हा माणूस विकला गेला. मी तसाच त्याच्या घरी गेलो.

तो ओसरीवर ब्रश टर्पेंटाइनमध्ये धूत बसला होता. मी कागद त्याच्यापुढं आपटला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, हात पुसले आणि खुंटीवरची तार खाली काढली. चाळीस वर्षांच्या चिठ्ठ्या त्या तारेला टोचलेल्या होत्या. वरच्या तीस-चाळीस बाजूला सारून त्यानं एक ओढून काढली. भाऊसोच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘किमान दर’.

मी एकदम गार पडलो. लाजही वाटली आणि आनंदही झाला. "मोहिद्दीनभाई, सुटलात तुम्ही! ही चिठ्ठी म्हणजे पुरावा आहे. तुमची काही चूक नाही."

त्याला आनंद झालेला दिसला नाही. त्यानं माझ्या हातातला करार आणि त्याची चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवली.

"किमान म्हंजी काय, मास्तर?"

"कमीत कमी."

"आन् कमाल?"

"जास्तीत जास्त. याच्या वर घ्यायचं नाही."

"कमाल तर माझ्या मामूचं नाव हाय," तो पुटपुटला. परवीनभाभी चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "चाळीस वर्सं पाट्या काढल्या आन् एक बी वाचली न्हाई. कमाल हाय बाई तुमची!" एरवी तो हसला असता.

"म्हंजी माझ्या अक्षरापायी लोकं चाळीस रुपय देत्यात?"

"तुमच्या नाही, भाऊसोच्या चिठ्ठीपायी."

"भाऊसोची चिठ्ठी कोण बघतंय? ती हितं तारंला हाय. लोकं पाटी बघत्यात. खाली सही माझी हाय."

मी त्याला समजावलं. म्हटलं, घाई करू नका. चिठ्ठीची नक्कल मी अर्जाला जोडतो. तुम्ही आधी भिंत पुरी करा, मग पाटीचं बघू. भाऊसोला आत्ता दुखवलंत तर तो भिंत काढून घेईल. हे मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं. चहा निवून त्यावर साय आली तरी मोहिद्दीननं कप उचलला नाही.

शनिवारी मुलींच्या कबड्डीचे अंतिम सामने होते. साताऱ्याकडनं, कोरेगावकडनं, वाळव्याकडनं संघ आले होते. ऊन असं की मॅटवर पाय ठेवला तर चटका बसावा. गेटवर बाटल्यांचा ढीग गुडघ्याएवढा झाला होता. मी पंचांच्या टेबलाशी होतो, तेवढ्यात कॅन्टीनकडून बाईमाणसाचा चढा आवाज आला.

ती चंद्राबाई होती, कोरेगावच्या संघात खेळणाऱ्या मयूरीची आई. शेतात मजुरी करणारी, उन्हानं रापलेली बाई. पोरीसाठी घरून आणलेलं पाणी गेटवर गेलं होतं. आता ती वीसची नोट पुढं धरून उभी होती आणि कॅन्टीनमधला माणूस बाटली देत नव्हता.

"ते किमान हाय, मावशी. चाळीस द्या."

"मला किमान-फिमान कळत न्हाई. आकडं कळत्यात. पाटीवर ईस हाय."

"पाटीला काय विचारता?"

"मग कुणाला विचारू? ही मोहिद्दीन पेंटरची पाटी हाय. आमच्या सोसायटीवर बी त्येचीच हाय. त्येची पाटी खोटी नसती."

ती हे म्हणाली तेव्हा मोहिद्दीन तिच्या मागं चार पावलांवर उभा होता. खांद्यावर शिडी, हातात रंगाचे दोन डबे, पिवळा आणि काळा. मला वाटलं होतं भिंतीसाठी आला असेल. तो गर्दीतून पुढं आला, त्यानं शिडी पाटीखाली टेकवली आणि तो माझ्याकडं बघायला लागला. मी धावत जाऊन शिडी धरली. या साऱ्या प्रकरणात माझं कर्तृत्व एवढंच.

भाऊसो आतून बाहेर आला. "पेंटर, भिंत तिकडं हाय."

"हितलं काम ऱ्हायलंय माझं."

"कसलं काम? पाटी झकास हाय."

"चुकलीया. दुरुस्त करतो."

भाऊसोच्या ध्यानात आलं. त्यानं आवाज खाली आणला, पण मी शिडीलाच उभा होतो, मला प्रत्येक शब्द ऐकू आला. "हे बघ मोहिद्दीन. चिठ्ठी मी दिली, तू काढलीस. तुझ्याकडं कोण बोट दाखवणार न्हाई. पाटीला हात लावलास तर भिंत इसरायची. रविवारी हितं फ्लेक्सवाला उभा करतो."

मोहिद्दीन तिसऱ्या पायरीवर थांबला. तिथून गॅलरीच्या कडेपलीकडं भिंतीचं टोक दिसत होतं आणि त्यावरच्या त्याच्या निळ्या रेघा. तो तिकडं बघत राहिला. मी कबूल करतो, त्या क्षणी मला वाटलं की यानं खाली उतरावं. एवढ्या वर्षांनी मिळालेलं माणसानं घालवू नये, असं मला फार वाटलं. मी हळूच म्हणालोसुद्धा, "राहू द्या, मी अर्ज केलाय."

तो माझ्याकडं न बघता वर चढला. आणि ब्रश हातात घेऊन, जे त्यानं चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं, ते केलं. त्यानं पाटी वाचली. पोर पुस्तक वाचतं तशी, मोठ्यानं, अक्षरावर बोट ठेवून. "कि… मा… न… द… र." कॅन्टीनसमोर दोनशे माणसं तरी जमली असतील. पलीकडं पंचांनी शिट्टी मारून सामना थांबवला, कारण खेळणाऱ्या पोरीच वळून इकडं बघत होत्या.

किमान आणि कमाल यांत किती फरक आहे, हे मला त्या दिवशी दिसलं. एक वेलांटी आणि एक अक्षर. त्यानं पिवळा रंग घेऊन ‘क’ची वेलांटी झाकली. दोन फटकाऱ्यांत ती गेली. मग ‘न’ची गाठ झाकली. नुसता दांडा उरला. आता त्या दांड्याला ‘ल’च्या दोन कमानी काढायच्या होत्या. त्यानं काळ्यात ब्रश बुडवला, काठी टेकवली आणि मला खालून दिसलं की त्याचा हात थरथरतोय. शिडी थरथरत होती, माझ्या तळहाताला ते कळत होतं. कारण आता तो चित्र काढत नव्हता. आपण काय लिहितोय हे त्याला ठाऊक होतं, आणि त्या शब्दाच्या बदल्यात काय जातंय हेही.

पहिली कमान आली. दुसरी आली. ब्रश खाली आला.

"काय लिवलं?" चंद्राबाईनं खालून विचारलं.

"कमाल, बाई. कमाल दर," मोहिद्दीन म्हणाला. "म्हंजी ईसच्या वर एक पैसा न्हाई. आता पाटी खरी हाय."

चंद्राबाईनं वीसची नोट फळीवर ठेवली. कॅन्टीनमधल्या माणसानं भाऊसोकडं बघितलं. भाऊसोनं लोकांकडं बघितलं. पन्नास तरी मोबाइल वर झालेले होते. बाटली फळीवर आली. चंद्राबाईनं ती आपल्या पोरीला नेऊन दिली आणि तिच्यामागं रांग लागली, हातात वीस-वीसच्या नोटा घेऊन. चार महिने मी कागदावर कागद लिहिले, आणि या माणसानं अर्धा चमचा रंगात काम केलं.

सोमवारी तालुक्याहून अधिकारी आले. त्यांनी करार बघितला, पाटी बघितली. दोन्ही आता जुळत होतं, तेव्हा पाटी काढायचा प्रश्नच उरला नाही. उलट लोक करार वाचायला लागले तेव्हा पुढच्याच पानावर सापडलं की पिण्याच्या पाण्याचा फुकट नळ लावणंसुद्धा ठेकेदाराचंच काम आहे. तो आता सुरू आहे आणि गेटवरचा ढीग बंद झाला.

भिंत मात्र गेली. रविवारीच तिथं फ्लेक्स चढला, त्यावर संकुलाचं नाव कमी आणि हात जोडलेले चेहरे जास्त. मी मोहिद्दीनला विचारलं, वाईट वाटतं का? मला वाटलं, तो काहीतरी मोठं बोलेल.

"वाटतं की," तो म्हणाला. "लय वाटतं. त्या रस्त्यानं जात न्हाई मी आता. कॅनॉलकडनं फिरून जातो."

अजून तो पाट्या काढतो. फक्त आता चिठ्ठी आली की आधी वाचतो, अर्थ विचारतो, अडलं तर माझ्याकडं येतो. त्यामुळं कामाला दुप्पट वेळ लागतो आणि परवीनभाभी माझ्या नावानं बोटं मोडते.

परवा तो म्हणाला, "मास्तर, तेवढा त्यो ‘ल’ नीट करायचा ऱ्हायलाय. भाऊसो मला आत येऊ देत न्हाई. तुमी जरा बघा की. माझ्या सहीखाली तसलं अक्षर बरं दिसत न्हाई."

मी हो म्हटलं, पण मी ते करणार नाही. त्या ‘ल’ची दुसरी कमान जरा वाकडी आहे, खाली येताना किंचित थरथरली आहे. चाळीस वर्षांत त्या हातून आलेलं तेवढं एकच वाकडं अक्षर. बाहेरगावचे संघ आले की मी मुलींना आधी त्या पाटीसमोर नेतो, तो ‘ल’ दाखवतो आणि मग मैदानावर सोडतो.